बटण दाबलं, गाडी ढिम्म

विनिपेगला जानेवारीत उणे 30 अंश ही काही बातमी नसते. अशा सकाळी घरात चहा उकळतोय तोवर खिडकीतून बटण दाबावं आणि खाली गाडी आपली आपण तापत राहावी, एवढीच इथल्या माणसाची इच्छा. पण मागाहून बसवलेल्या रिमोट स्टार्टरचं गाडीशी सहजी जमत नाही.

त्यात तिचा काय दोष? सप्टेंबर 2007 पासून कॅनडात नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा आहे. किल्लीतली चिप ओळखू आली नाही, तर इंजिन चालणार नाही. म्हणून बायपास मॉड्यूल नावाची एक डबी बसवतात. किल्ली आतच आहे, अशी ती गाडीची समजूत घालते. थोडक्यात, चोरांसाठी ठेवलेल्या वॉचमनला रोज सकाळी आपणच गंडवायचं. डबीचं प्रोग्रॅमिंग जरा चुकलं की इंजिन क्षणभर पेटतं आणि विझतं. मग फिटर डॅशबोर्डखाली उताणा, तोंडात टॉर्च, आणि डोळ्यांसमोर एकाच रंगाच्या दोन वायरी.

माझं लाडकं दुखणं मात्र बॉनेटखालचं. तिथे बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंगची पिन असते. बॉनेट उघडलं की ती वर येते आणि रिमोटने इंजिन सुरू होऊ देत नाही. कुणाचा हात पट्ट्यात सापडू नये म्हणून. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ तिच्यावर उडतं, पिन गंजते, आणि बॉनेट घट्ट बंद असतानाही ते उघडं असल्याची यंत्राची खात्री पटते. इकडे रिमोटचा सेल बदलून होतो, बॅटरी बदलून होते, थंडीला शिव्याही देऊन होतात. काही बहाद्दर वैतागून पिनेची वायरच तोडतात. हे मात्र करू नये. पिन नवी घालावी, ती काही महाग नसते.

पुण्याहून भाऊ फोनवर विचारतो, "उन्हाळ्यात एसीसाठी असा स्टार्टर माझ्या गाडीला बसेल का रे?" त्याची गाडी हाताने गिअर टाकायची, आणि उभी करताना ती गिअरमध्ये ठेवायची त्याची सवय. बटण दाबलं तर ती ड्रायव्हरविना पुढे उडी घेईल. मी सरळ नाही म्हटलं.

बंद गॅरेजात गाडी असेल, तर बटणाला हात लावू नका. इंजिनाचा विषारी धूर घरात शिरतो. आणि बसवून घ्यायचाच, तर सप्टेंबरातच घ्या. पहिला बर्फ पडला की साऱ्या गावाला एकदम आठवण होते, आणि फिटरची वेळ मिळेपर्यंत निम्मा हिवाळा सरतो.