अडीचशे शब्दांतल्या मॅडम

आमच्या मॅडमना पगार मिळतो सल्ला देण्याचा, आणि सल्ला तेवढा त्या देत नाहीत. नागपुरातल्या एका रुग्णालयात त्या जेनेटिक कौन्सेलर आहेत. या पेशाचा पहिला धडा असा, की माहिती सगळी द्यायची, निर्णय मात्र ज्याचा त्याला घेऊ द्यायचा. बाकीचे लोक ओपीडी संपली की हा धडा टेबलाच्या खणात ठेवून घरी जातात. मॅडम तो सोबत नेतात. रिक्षावाल्याने "सदरवरून घेऊ का सीताबर्डीवरून?" असं विचारलं, तर त्या दोन्ही रस्त्यांचे फायदे-तोटे समजावून सांगतात. तोवर सिग्नल दोनदा लाल होतो.

ओपीडीत मात्र त्यांना बघत राहावं. विदर्भात सिकलसेल भरपूर. नवरा-बायको दोघंही 'एएस', म्हणजे वाहक, निघाले की टेबलावर संत्र्याच्या गोळ्या येतात. बायकोपुढे एक नारिंगी, एक हिरवी, नवऱ्यापुढेही तशाच. दोघांकडून एकेक उचलायची. दोन्ही हिरव्या आल्या तर मूल 'एसएस', म्हणजे आजारी. शक्यता चारात एक. "मग पहिलं आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन चांगली ना?" हा प्रश्न ठरलेला. "नाही. प्रत्येक खेपेला गोळ्या परत टेबलावर." एकदा सोबतच्या पोराने एक हिरवी गोळी खाऊनच टाकली. आजोबा म्हणाले, "झालं, गेला रोग!" मॅडमनी डब्यातून दुसरी काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी बाई पदराने कपाळ पुसत विचारते, "समदं समजलं जी, पण तुम्ही माझ्या जागी असत्या तर काय केलं असतं?" मॅडम म्हणतात, "मी तुमच्या जागी नाही, हीच तर अडचण आहे." या सगळ्याला पाऊण तास लागतो. बाया रडत येतात आणि जाताना जरा ताठ उठतात, हे मी रोज पाहते. तेव्हा पुढची थट्टा बेताने घ्यावी.

तर हा पाऊण तास अडीचशे शब्दांत बसवायची पाळी वर्षातून एकदा येते. अमेरिकेतल्या एका परिषदेला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायचा असतो. मुदत तिकडच्या रात्री ११:५९ पर्यंत. पूर्व किनाऱ्यावरची ती वेळ उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे ९:२९ होते, आणि ओपीडी उघडते ९ वाजता. दोन महिने हाताशी असतात. मॅडम ते दोन महिने विषयाच्या निवडीला देतात, कारण निवड घाईने करू नये असं त्या रुग्णांना सांगतात.

लिहायला बसल्या की पार्श्वभूमीपासून. 'जेनेटिक कौन्सेलिंग' हा शब्द शेल्डन रीड यांनी १९४७ साली दिला. पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६९ मध्ये सारा लॉरेन्स कॉलेजात निघाला. ज्यांना हे वाचायचं आहे त्यातल्या निम्म्यांनी ते परीक्षेत लिहून आपली पदवी मिळवलेली. तरी मॅडमना ते वगळवत नाही. इथवर नव्वद शब्द गेलेले असतात आणि नागपूर अजून यायचंच असतं.

ते तसंही येता कामा नये. परीक्षकांना लेखक कळू नयेत म्हणून संस्थेचं नाव लिहायला बंदी. मॅडमनी एका वर्षी लिहिलं, 'मध्य भारतातील, संत्र्यांसाठी प्रसिद्ध अशा शहरातील रुग्णालय'. मग काटछाट. फॉर्म शब्द मोजतो तो मधली मोकळी जागा बघून. म्हणून मॅडम हायफन टाकून पाच शब्दांचा एक करतात. शाळेत शिकलेले समास असे उपयोगी पडतील, असं त्यांच्या संस्कृतच्या बाईंना वाटलं नसेल.

लेखकांच्या नावांचा क्रम लावायला मी एकदा आमच्याच पद्धतीची वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. विभागप्रमुखांचं नाव डॉमिनंट: प्रत्येक पिढीत दिसणारच. माझं रिसेसिव्ह, दोनेक वर्षांआड उगवतं. आणि गावोगाव हिंडून रक्ताचे नमुने जमवणाऱ्या आशाताई निव्वळ वाहक. सगळा भार वाहतात, दिसत कुठेच नाहीत. मॅडम हसल्या. आशाताईंचं नाव घालायचं का, यावर म्हणाल्या, "दोन्ही बाजू आहेत."

खरी झटापट निष्कर्षाची. यंदा ९:१० ला तो रिकामा होता. मी लिहिलं, 'लग्नाआधी दोघांनी तपासणी करून घ्यावी'. मॅडमनी 'घ्यावी' खोडलं. "आपण सांगणारे कोण?" त्याजागी आलं, 'ज्यांना योग्य वाटेल अशा जोडप्यांना, पुरेशी माहिती मिळाल्यावर, तपासणीच्या पर्यायाचा विचार करता येऊ शकेल'. बाहेर पहिला रुग्ण खोकत होता. ९:२४ ला फॉर्मने विचारलं: पोस्टर की भाषण? सुदैवाने तिसरं वर्तुळ होतं, 'दोन्ही चालेल'. मॅडमचा जीव भांड्यात पडला. ९:२८ ला बटण दाबलं. ते मी दाबलं.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. पोस्टर मंजूर. खाली परीक्षकाची एक ओळ: माहिती उत्तम, पण लेखकांचं म्हणणं काय ते कळलं नाही. मॅडमना हे कौतुक वाटलं. मात्र ईमेलमध्ये आणखी दोन बटणं आहेत, 'स्वीकार' आणि 'नकार'. तिसरं नाही. मॅडम रोज ते उघडतात, बघतात, मिटतात. काल मला म्हणाल्या, "तू माझ्या जागी असतीस तर?"

मी म्हटलं, "मॅडम, मी तुमच्या जागी नाही."

"शिकलीस," म्हणाल्या, आणि पुन्हा ईमेल मिटला.

मुदत परवा सकाळी ९:२९ ला संपते. मॅडमना ओळखणाऱ्या कुणी तरी त्यांना फोन करून कोणतं बटण दाबायचं ते सरळ सांगावं, ही विनंती.