जरा अजून ठळक

कामशेत ते लोणावळा या पट्ट्यात शेठ ही जमात जुन्या हायवेच्या दोन्ही अंगांना आढळते. कुणाचं मिसळ हाऊस, कुणाचं चिक्कीचं दुकान, कुणाचा पावसाळ्यापुरता रिसॉर्ट. धंदा कुठलाही असो, फ्लेक्सवाल्याकडं मागणी एकच : "जरा अजून ठळक कर."

फॉन्टची नावं शेठ वाचत नाही, जाडी बघतो. 'एक टाईप' या फॉन्टवाल्यांचा 'मोदक' हा फॉन्ट दिसला तेव्हा त्याला प्रथमच कुणीतरी घरचं भेटलं. तट्ट फुगलेली अक्षरं, आतली जागा नुसती चिरेएवढी. पण ती चीर मोठ्या हिशेबानं राखलेली. शेठला तेही हडकुळं वाटलं.

"आऊटलाइन मार."

फ्लेक्सवाल्याकडच्या पोरानं कोरलड्रॉमध्ये त्याच रंगाची कड चढवली. "शेठ, पोट बुजतंय."

"कुणाचं?"

"'ब'चं. आता 'ब' काय अन् 'व' काय, दोन्ही गोळेच."

"बुजू दे. भुकेला माणूस वडा बरोब्बर वाचतो."

त्याचं गणित अगदीच चुकीचं नाही. साठच्या वेगानं निघालेला मुंबईकर सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढं जातो; नाजूक अक्षर लागेपर्यंत कार्ला फाटा मागं पडायचा. पण लांबून वाचली जाते ती अक्षराच्या पोटातली मोकळी जागा, हे शेठला सांगणार कोण? पोरानं एकदा धीर करून कमल शेडग्यांचं नाव काढलं. "नाटकाच्या जाहिरातीतलं त्यांचं अक्षर बघून नाटक कसलं ते कळायचं."

"मग त्यांनाच बोलव की."

"ते 2020 साली गेले, शेठ."

शेठ मनापासून हळहळला. "बरं, आहे त्यात बोल्ड कर."

दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर इतर भाषेपेक्षा लहान नको, असा नियम 2022 साली आला तेव्हा शेठला सरकार पहिल्यांदा आवडलं. त्यानं मराठी वाढवलं. मग शेजारचं इंग्रजी अशक्त दिसायला लागलं, म्हणून तेही वाढवलं. मोबाईल नंबरचे शेवटचे दोन आकडे पाटीबाहेर गेले. बैलगाडा शर्यतीच्या फ्लेक्सवर मात्र बैलाचं नाव स्वतःच्या नावापेक्षा मोठं. तेवढाच काय तो विनय.

शेजारचा शेठही गप्प बसणारा नव्हे. त्यानं लाल अक्षराला पिवळी सावली दिली. आता त्या अख्ख्या रस्त्यावर सुखानं वाचता येते ती एकच पाटी, 'पुढे वळण आहे'. ती सरकारी आहे.

शेठला बारीक अक्षराचं वावडं आहे, असं मात्र कुणी समजू नये. परवा मिसळीचा नवा फ्लेक्स झाला. 'अनलिमिटेड' हा शब्द या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली कोपऱ्यात 'पाव व तर्रीचे पैसे वेगळे'. त्यासाठी यादीतला सगळ्यात किडकिडीत फॉन्ट शेठनं स्वतः शोधून दिला.

"शेठ, हे दिसणार नाही."

"मग बरोबर आहे. छाप."