बोअरची सनद

ज्या नगरीच्या पश्चिमेस कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार दृश्य आणि सरस्वती ही एक अदृश्य, अशा पाच सरिता एकत्र येऊन पंचगंगा हे नाव धारण करतात, ज्या नगरीने नदी अडवण्याची एक तऱ्हा सिद्ध करून ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ ही संज्ञा अवघ्या महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याच्या दफ्तरी कायमची रुजू केली, आणि ज्या नगरीस २०१९ व २०२१ या दोन वर्षी त्याच नदीने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोक्याची रेघ बारा-तेरा फुटांनी ओलांडून घरोघर जातीने भेट दिली, त्या नगरीच्या वर्तमानपत्रांत ‘नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरून सहकार्य करावे’ हे वाक्य ऋतू न पाहता छापले जावे, यात परगावच्या माणसास विसंगती दिसेल. कोल्हापूरकरास दिसत नाही.

पाणी न येण्यास पाणी नसावे लागते, हा दुष्काळी मुलखाचा भोळा समज आहे. आमच्याकडे कारणांची टंचाई कधी पडली नाही. वीज जाते, मुख्य जलवाहिनीस गळती लागते, गळती काढण्यासाठी पुरवठा आणखी दोन दिवस बंद राहतो, आणि महापूर आला म्हणजे शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी येथील उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन, नदी शहरात आल्यामुळे नदीचे पाणी शहरास मिळत नाही, असा नैयायिकांनीही टिपून ठेवावा असा प्रसंग उद्भवतो. या साऱ्यावर तोडगा म्हणून काळम्मावाडी धरणापासून पन्नासाहून अधिक किलोमीटर लांबीची थेट पाइपलाइन योजली गेली. तिच्या पाण्याने अभ्यंगस्नान घालण्याचे वचन शहराने कित्येक दिवाळ्या उटणे लावून ऐकले, आणि २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर ते पाणी पुईखडीस खरोखरच पोचले. तेव्हापासून वीज, पंप आणि गळती या जुन्या कारणांचा मुक्कामही तितकाच लांब, थेट धरणाच्या काठापर्यंत, हलला आहे.

परंतु आमचा आजचा विषय पाणी नव्हे, बाग हा आहे.

निर्बंधाचा हुकूम निघतो तेव्हा त्याचा मजकूर ठरलेला असतो: पिण्याचे पाणी अंगणात मारू नये, वाहने धुऊ नयेत, बागेस घालू नये, आणि नळास थेट मोटर जोडल्याचे आढळल्यास मोटर जप्त करण्यात येईल. हा हुकूम निघाल्यावर शहरातील ज्या भागांत घरापुढे बाग असण्याची वहिवाट आहे, म्हणजे ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी वगैरे, तेथील सद्गृहस्थांनी आपली हिरवळ वाळू द्यावी अशी अपेक्षा कोणी करील, तर त्यास सद्गृहस्थ या वर्गाची ओळख नाही असेच म्हणावे लागेल. सद्गृहस्थ हुकूम मोडीत नाहीत. ते पाटी लावतात.

ही पाटी वाचकांनी अवश्य जवळून पाहावी. हातभर पत्रा, त्यावर पांढरा रंग, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत ‘सदर बागेस बोअरचे पाणी वापरले जाते’ असा मजकूर. आणि ती ‘कुत्र्यापासून सावध रहा’ या पाटीच्या खाली, त्याच खिळ्याला टांगलेली असते. पूर्वी संस्थानच्या अमलात इनामदाराजवळ जशी सनद असे, तशीच ही, आणि ती दाखवणाऱ्याकडे मूळ इनाम खरोखर आहे किंवा नाही हे विचारणे तेव्हाही असभ्यपणाचे समजत. भूगर्भातील पाण्याविषयी आमचे ज्ञान बेताचेच. तथापि काळ्या कातळातून वर येणारे हे पाणी नेमके पहाटे नळाच्या वेळेसच वर यावे, नळ गेला की त्यानेही निरोप घ्यावा, ते क्षारयुक्त असूनही गुलाबाच्या पानावर पांढरा डाग म्हणून उमटू नये, आणि त्याला ब्लीचिंग पावडरचा मंद सुवास असावा, या चमत्कारांची भूगर्भशास्त्रज्ञांनी अद्याप दखल घेतलेली नाही, याचा खेद वाटतो.

अशाच एका बंगल्यावर तपासणीसाठी आलेल्या इसमाचा आणि मालकांचा संवाद कानी आला तो असा.

“साहेब, बोअर कुठं हाय म्हणायचा?”

“मागच्या बाजूला आहे. का, पाटी वाचली नाहीत का?”

“वाचली की. बघून जातो नुसता, वर शेरा मारावा लागतोय.”

मागच्या बाजूस फूटभर उंचीचा एक लोखंडी पाइप जमिनीतून वर आलेला होता खरा. त्याच्या तोंडावर गंजलेले झाकण, झाकणावर क्रोटनची कुंडी, आणि कुंडीच्या मुळ्या झाकणाच्या फटीतून आत पाण्याच्या शोधार्थ गेलेल्या. तपासणीसाने कुंडीकडे पाहिले, मालकांकडे पाहिले, आणि वहीत ‘बोअर आढळला’ असा शेरा मारून चहा घेतला. आढळला यात खोटे काहीच नाही.

मंगळवार पेठेतील अरुंद बोळात मात्र पाटी टांगण्यास फाटक नाही, आणि फाटक नाही म्हणून बागही नाही. आहे तो उंबऱ्याशेजारी तेलाच्या डब्यात लावलेला एक कढीपत्ता, ज्यास तांदूळ धुतलेले पाणी मिळते. चावीला पाणी येते ते करंगळीएवढे, दुसऱ्या मजल्यावर चढत नाही, म्हणून कोणी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर लावतो. ती घरघर बोळभर ऐकू येते आणि पथक नेमके त्या घरघरीच्या मागावर असते. मोटर जप्त होते, पंचनामा होतो, छायाचित्रासह बातमी येते. “आमच्या चावीला टिपूस न्हाई, आन् दंड मातूर पहिला आमालाच व्हय?” असा प्रश्न त्या बोळातील एखादी मावशी विचारते, पण तो प्रश्न शेऱ्याच्या रकान्यात मावत नाही. बंगल्यात मोटर असते ती जमिनीखालच्या टाकीत, पाण्यात बुडालेली, आणि म्हणून अत्यंत मितभाषी. कायद्याचा कान तीक्ष्ण असला, तरी त्यास आवाज करणारेच अपराध ऐकू येतात.

आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्यावर लागू होतो तो निर्बंध याहून सरळ असतो. त्यास उपसाबंदी म्हणतात. उन्हाळ्यात पाटबंधारे खाते तारखा जाहीर करते, त्या तारखांना नदीकाठचे पंप बंद, आणि उभा ऊस डोळ्यांदेखत पिवळा पडू लागला तरी नदीत पाय धुण्यापलीकडे शेतकऱ्यास काही करता येत नाही. या काळात संध्याकाळी व्हरांड्यात बसून, समोर हिरवळीवर गरगर फिरणाऱ्या तुषार सिंचनाकडे पाहत, ‘या उसानेच सगळे पाणी पिऊन टाकले हो’ असा सिद्धान्त मांडणारे विचारवंत शहरात पुष्कळ भेटतात. उसाच्या तहानेविषयी त्यांचे म्हणणे खोटे नाही. फरक इतकाच की उसापासून साखर निघते, हिरवळीपासून केवळ अभिप्राय.

हिरवळीचा प्रश्न एकदा न्यायासनापुढेही गेला होता. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शेजारच्या मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी भरून लातुरास पोचली, आणि त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा हुकूम दिला. मैदानासाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू, अशी तयारी क्रिकेटच्या चालकांनी दाखवली होती. बिचाऱ्यांना पाटीची युक्ती कोणी सांगितली नसावी.

साहेबाच्या देशात याबाबत फार कडक शिस्त असल्याचे सांगतात. तेथे निर्बंध असतो तो रबरी नळीवर. झारीने हवे तेवढे पाणी घाला, कोणाची हरकत नाही, कारण झारी उचलणाऱ्याचे हात दुखतात आणि हात दुखले की काटकसर आपोआप सुचते. १९७६ च्या अवर्षणात तर त्यांनी डेनिस हॉवेल या गृहस्थांस खास दुष्काळमंत्री नेमले, आणि नेमणुकीनंतर काही दिवसांतच पाऊस कोसळू लागला. आमच्याकडे असा मंत्री नेमताना गगनबावड्याच्या लोकांची संमती आधी घ्यावी लागेल.

झारीची सूचना आम्ही एका बागप्रेमी मित्रांपुढे मांडून पाहिली. ते म्हणाले, “झारी माळी उचलतो, त्यामुळे हात त्याचे दुखतात.” शिवाय त्यांनी स्वतःपुरती निराळी तजवीज केली होती. हिरवळीच्या ऐन मध्यावर एक तुळस लावली होती. नळी तुळशीसाठी सोडलेली, आणि तुळस सुकू देण्याचे पाप कोणते खाते माथी घेणार? पाणी उतारावरून आजूबाजूस पसरते, त्यास त्यांचा इलाज नव्हता.

शाहू छत्रपतींनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरला की ते कोणाचीही सही, शिफारस अथवा हुद्दा न पाहता आपले आपण उघडतात आणि उतरला की मिटतात. निर्बंधाची बजावणी अशा एखाद्या दरवाजाकडे सोपवता आली तर पाहावे, असे आमच्या मनात येऊन गेले. पण दरवाजास चहा घेता येत नाही, आणि तेवढ्याच कारणावरून तो या कामास नालायक ठरावा.

सांप्रत एक अर्ज आमच्या वाचनात आला आहे. अर्जदार पाटीधारक असून पाणीपट्टीची बाकी नाही, हे त्यांनी आरंभीच नमूद केले आहे. अर्जाचा मजकूर येणेप्रमाणे: थेट पाइपलाइनचा पंप नादुरुस्त झाल्यापासून, म्हणजे गेले तीन दिवस, आमच्या बागेतील बोअरला पाणी आलेले नाही, सबब संबंधितांनी बोअरचा पुरवठा पूर्ण दाबाने पूर्ववत् करावा, व तोवर बागेसाठी एक टँकर पाठवण्याची तजवीज व्हावी. अर्जावर आवक क्रमांक पडला असून कार्यवाही सुरू आहे.