खोगिराखालचा मालक

घोडेस्वारी शिकायचं ठरलं की माणूस आधी घोड्याकडे जात नाही, दुकानात जातो. गुडघ्याशी चामडं लावलेली घट्ट ब्रीचेस, पोटरीपर्यंतचे बूट, हातमोजे, हातात छडी. आरशासमोर उभं राहिलं की थेट अटकेपार निघाल्यासारखं वाटतं. घोड्याला यातल्या कशाचंही कौतुक नसतं.

त्या ढिगात खऱ्या कामाच्या वस्तू दोनच. एक हेल्मेट. ते एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदलायचं, कारण आतलं अस्तर एकदाच मार सोसतं. दुसरी वस्तू म्हणजे टाचेचे बूट. ती टाच ऐटीसाठी नसते. पाऊल रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून असते. घोड्यावरून पडणं परवडलं, पाय अडकून फरफटणं नाही.

खोगीर पाठीवर ठेवणं सोपं. मजा येते ती तंग आवळताना. शिंपी कंबरेचं माप घेतो तेव्हा आपण पोट आत ओढतो. मुरलेले घोडे नेमकं उलट करतात, अंग फुगवून उभे राहतात. नवखा स्वार बक्कल लावतो, हात झटकतो आणि डावीकडून रिकिबीत पाय घालतो. (तलवार डाव्या कमरेला असायची म्हणून चढायची बाजू डावी, असं सांगतात. तलवार गेली, बाजू राहिली.) तोवर घोड्यानं श्वास सोडलेला असतो. खोगीर स्वारासकट सावकाश कलू लागतं आणि घोडा भलतीकडेच बघत असतो. म्हणून तंग आवळायचा, घोड्याला चार पावलं चालवायचं, पुन्हा आवळायचा, आणि वर बसल्यावर तिसऱ्यांदा बघायचा. जुने साईस हे न बोलता करतात. विचारलं तर म्हणतात, ‘‘साहेब, तोही माणूसच आहे.’’

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात, तेही अर्धंच खरं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त थेट मागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. तेव्हा पुढूनही सरळ अंगावर जायचं नाही. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. एकूण, घोडा हा दोन्हीकडून साहेबच.

वर बसल्यावर दुडकी. तिच्यात पाय तिरप्या जोडीनं पडतात, पुढचा डावा नि मागचा उजवा, मग उलट. एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. शाळेत उठाबशा ही शिक्षा होती; इथे आपण त्यांचे पैसे भरतो. वर उस्ताद ओरडत असतात, टाच खाली, नजर समोर! नजर खाली गेली की पाठ वाकते आणि पाठोपाठ तोलही जातो.

इथवर आलेल्या माणसाला स्वतःचा घोडा घ्यावासा वाटतो. घेऊ नये. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. तासाचे पैसे भरणारे आम्ही सगळे बारगीरच. फरक एवढाच की बारगिराला पगार मिळायचा. शिलेदाराचं खरं काम घोड्यावर नसतंच. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद. रोज प्रत्येक खूर उचलून, त्यातल्या त्रिकोणी मऊ भागाला धक्का न लावता, चिखल आणि खडे उकरायचे. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून चारा थोडा थोडा पण वारंवार, आणि चंदी खाल्ल्या खाल्ल्या पळवणं नाही. पोटशुळानं घोडा दगावू शकतो. मग मालक पहाटे उठतो, लग्नातून लवकर निघतो आणि सहलीला जाण्याआधी तबेल्यात कोण थांबणार हे विचारतो. लोकांना वाटतं, काय शिस्त आली!

खरा खर्च भाजीच्या पिशवीत दिसतो. घोड्यासाठी गाजर लांबट चिरावं, गोल चकत्या घशात अडकू शकतात. आणि तळहात सपाट ठेवून द्यावं, नाहीतर बोटंही गाजरात धरली जातात. हलव्यासाठी मात्र किसावं लागतं. त्यामुळे गाजरं घरी आली की विळी घ्यायची की किसणी, यावर आधी चर्चा होते, आणि घोड्याची बाजू मांडणारा घरात एकटाच असतो.