नायिकेचं गुणी बाळ

इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांतल्या लहान मुलांना जंत होत नाहीत. उवाही होत नाहीत. ताप तेवढा येतो, तोही पुस्तकात एकदाच, नायक मुक्कामाला असेल त्या रात्री. मग तो अब्जाधीश बाह्या सरसावून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवतो, नायिका दारातून बघून विरघळते आणि पहाटे पोरगं ठणठणीत. पुढची आठवडाभराची किरकिर आणि तोंडाला चव नाही म्हणून अंगावर थुंकलेलं जेवण मात्र कुठल्याच पानावर सापडत नाही.

कॉलेजात असताना मी मिल्स अँड बून जर्नलमधे लपवून वाचायचे. आता चार वर्षांच्या लेकीला झोपवून मोबाइलवर वाचते. म्हणजे, तिच्याआधी मला झोप लागली नाही तर. त्यामुळे नायकाच्या रुंद खांद्यांपेक्षा हल्ली माझं लक्ष पोरांवरच असतं.

सगळ्यात खपाऊ प्रकार लपवलेल्या बाळाचा. नायक ग्रीक जहाजमालक. दोघांचं फाटतं, तो निघून जातो, ही एकटीनं पोर वाढवते आणि काही वर्षांनी अचानक गाठ पडते. डोळे, हनुवटीवरची खळी, कपाळाला आठ्या घालायची तऱ्हा, सगळं बापाचं. आईचं काही उचलायची पोराला परवानगीच नसावी. नायक एका नजरेत ओळखतो. आमच्याकडे लेकीचं नाक कुणावर गेलंय यावर बारशापासून सासर-माहेरची जुंपली आहे, निकाल अजून लागायचाय.

ही युक्ती तशी जुनीच. पण कालिदासाला पोरं ठाऊक होती. दुष्यंताला मुलगा पहिल्यांदा दिसतो तो सिंहाच्या छाव्याचे दात मोजायचा हट्ट धरून बसलेला. तापसी हैराण. खेळणं देते म्हटलं तर आधी हात पुढे, आणि ते येईपर्यंत छावा सोडायला नकार. राजा लाडात येऊन बाप असल्यासारखं बोलतो, तर माझे बाबा दुष्यंत, तू नव्हेस, असं तो खुद्द दुष्यंतालाच ठणकावतो. याला म्हणतात पोर!

आजचं कादंबरीतलं मूल सहा वर्षांचं झालं तरी बोबडं बोलतं, मोठ्यांच्या मनातलं मात्र त्याला सगळं कळतं. दोघं रुसून बसली की ते नायकाला विचारतं, तू आमच्याकडे का राहत नाहीस, आई रात्री रडते. आमच्या लेकीनं फोडलेली गुपितं वेगळ्या जातीची. दिवाळीत नवऱ्याच्या साहेबांना ती म्हणाली, "काका, तुम्ही कधी जाणार? आई चकल्या तुम्ही गेल्यावर काढणारे."

अपवाद आहेत. सुझन एलिझाबेथ फिलिप्सच्या 'ड्रीम अ लिटल ड्रीम' (१९९८) मधल्या नायकाची बायको आणि मुलगा गेलेले असतात. त्यामुळे नायिकेचा पाच वर्षांचा एडवर्ड त्याला डोळ्यांसमोर नको असतो. एडवर्डलाही तो मुळीच नको असतो. दोघांचं जमता जमत नाही, आणि म्हणूनच जमतं तेव्हा खरं वाटतं. हेलन होआंगच्या 'द ब्राइड टेस्ट' (२०१९) मधली नायिका नवरा मिळवायला व्हिएतनामहून अमेरिकेत येते आणि आपल्याला लेक आहे हे सांगतच नाही. लबाडीच ही. पण लेक तिकडे आजीजवळ असते, त्यामुळे हिला प्रेमात पडायला मोकळा वेळ कुठून मिळाला हा प्रश्न तरी उरत नाही. नाहीतर मूल दोन जिवांना जवळ आणतं म्हणे. आमचं रोज रात्री दोघांच्या मधे आडवं झोपतं, डोकं बापाच्या बरगडीत आणि टाचा माझ्या गळ्यावर.

शेवटी उपसंहार असतोच. त्यात जुळं होतं, नायिका होती तशीच सडपातळ, आणि दोघं हातात हात घालून मावळतीला समुद्रावर. जुळ्यांजवळ कोण आहे, याचा पत्ता नाही. मी ती दोन पानं परत वाचते, एखाद्या आत्याबाईंचा उल्लेख नजरेतून सुटला की काय म्हणून.