लाडकी कोंबडी अंडं देत नसल्यास करावयाची कार्यवाही

सदर सूचना कळस (ता. इंदापूर) व पंचक्रोशीतल्या अशा कुटुंबांसाठी आहेत, ज्यांनी आपल्या कोंबडीचं बारसं केलेलं आहे. बिनबारशाच्या कोंबडीला सूचना लागत नाहीत. तिनं अंडं बंद केलं की घरात वाटण सुरू होतं. अडचण येते ती 'मंगी'ची. मंगी पोराच्या मांडीवर बसते, सकाळी चहातली खारी खाते, आणि दोन आठवडे झाले, अंडं नाही.

प्रथम पंचनामा करावा. अंडं मिळत नाही याचा अर्थ अंडं घातलं जात नाही असा नव्हे. मोकळी हिंडणारी गावरान कोंबडी खुराड्यातला तुम्ही रचलेला पेंढा नाकारून कडब्याच्या गंजीत, उसाच्या कडेला किंवा उभ्या ट्रॉलीखाली जागा शोधते. सकाळी तिचा आरडाओरडा ऐकू आला की त्या दिशेनं निघावं, पण रमतगमत. मागं लागलेला माणूस ओळखून ती उकिरड्यावर उगाच पाय ओढत बसते. संशयितांत मुंगूस आणि साप धरावेत. शेजाऱ्याकडं कोंबडी नसताना रोज आम्लेटचा वास येत असेल, तर तो परिस्थितिजन्य पुरावा होय. तो कागदावर घेऊ नये. पाण्याची पाळी त्याच्यानंतर आपलीच असते.

नंतर शारीरिक तपासणी. शेपटीखाली, अंडं बाहेर येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच मावलं तर दुकान बंद. बोटं कोणाची, ते पंचनाम्यात नमूद करावं, कारण ऊसतोडणी केलेलं बोट आणि पतसंस्थेत नोटा मोजणारं बोट यांत फरक असतो. तुरा लालभडक असेल तर उत्तम. फिकट, सुकलेला असेल तर तिला आत्ता अंड्याबद्दल विचारू नये.

आता हिशेब. एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात आणि त्यातले २० तास निव्वळ कवचात जातात. म्हणजे रोजची वेळ पुढं सरकत जाते आणि एक दिवस खाडा पडतो. तो तिचा हक्काचा आहे. गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते. पोल्ट्रीतली पांढरी लेअर ३०० च्या वर. ज्यांना मंगीकडून ३०० हवीत, त्यांनी आधी दुसऱ्या वर्षाचा खोडवा पहिल्या वर्षाच्या उसाइतका काढून दाखवावा. पिसं झडत असतील तर दोनेक महिने सुट्टी समजावी. वय झालं असेल तर तेही समजावं. त्यावर औषध नाही.

उजेडाचा मुद्दा फार कमी लोक मनावर घेतात. भरपूर अंडी हवी असतील तर कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि आपल्याकडचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास संपतो. डिसेंबरात तर अकरा. म्हणून खुराड्यात दिवा लावावा आणि तो पहाटे लावावा. संध्याकाळी लावून एकदम विझवला तर ती अंधारात जिथल्या तिथं अडकते. पहाटे चारला दिवा लागला की कोंबडा आरवणार, गल्ली उठणार, आणि तुमच्या मंगीचा विषय सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत जाणार. त्याची तयारी असेल तरच बटण दाबावं.

उन्हाळ्यात कवच पातळ होतं. कोंबडीला घाम नसतो. ती चोच उघडून धापा टाकते. धापेबरोबर कर्बवायू जादा बाहेर जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट रक्तात कमी पडतो. शिवाय ती खातही कमी. दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर टाकावा, पाणी सावलीत आणि गार ठेवावं. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. ते नुसत्या ज्वारी-बाजरीतून येत नाही. शिंपले कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावेत, तिला लागेल तेवढे ती घेते. शिंपल्यांसाठी उजनीच्या काठाला, भिगवणकडं जाता येईल. तिथं पुण्याहून आलेली मंडळी हातभर लांब कॅमेऱ्यांनी रोहित पक्ष्यांचे फोटो काढत असतात. रोहितही वर्षाला एखादंच अंडं घालतो, पण त्याला कोणी बोलत नाही.

स्वतःचं अंडं फोडून खाणाऱ्या कोंबडीसाठी गावात एकमुखी उपाय सांगतात: टरफलात मिरचीचा ठेचा भरून ठेवा. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही. मंगी ठेचा संपवेल आणि भाकरीची वाट बघेल. त्याऐवजी प्लास्टिकचा चेंडू ठेवावा; चोच मारून मारून ती कंटाळते.

एका बाबतीत मात्र चेष्टा बाजूला ठेवावी. कोंबडी अंग फुगवून उभीच राहते, शेपूट खाली पाडून कुंथते, खात नाही, तेव्हा अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्यात तिचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटं बुडवून धरावा, कडेला खोबरेल लावावं, अंधाऱ्या उबदार जागी निवांत ठेवावं. पोट दाबू नये. अंडं आत फुटलं तर कोंबडी जाते. काही तासांत मोकळी झाली नाही तर पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडं न्यावं. तिथं रांगेत होल्स्टिन गाया असतील आणि लोक हसतील. हसू द्यावं.

राहिली खुडूक. घरट्यावरून उठत नाही, हात लावला की फुगते, कुरकुरते. आजीचा उपाय पाण्यात बुडवण्याचा आणि नाकात पीस घालण्याचा. दोन्हींत कोंबडीपेक्षा आजीचं समाधान जास्त. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवलं, दाणापाणी दिलं, की पोटाखालची ऊब जाते आणि ती भानावर येते. मात्र ज्येष्ठाच्या शेवटी खुडूक झाली तर हा उपाय अजिबात करू नये. पुढं आखाड आहे. श्रावणाच्या आधी आत्या, दाजी, साडू, सगळ्यांना कळसची आठवण येते आणि अंडं न देणाऱ्या मंगीकडं सगळ्यांचं लक्ष जातं. अशा वेळी कोंबडा असलेल्या घरातून दहा-बारा अंडी मागून आणावीत आणि तिला त्यांवर बसवावं. २१ दिवस तिचे, त्यापुढं पिलांची आई म्हणून काही आठवडे. तोवर आखाडाची अमावस्या उलटते. पाहुण्यांनी विषय काढला तर त्यांना खुराड्यापाशी नेऊन दाखवावं. अंड्यावर बसलेली कोंबडी कापा, असं कोणताही दाजी आपल्या तोंडानं म्हणत नाही. म्हणालाच, तर त्याला पिठलं वाढावं.