क्लबचे सभासद कुठे आहेत?

मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं घेतला. मँचेस्टर सिटी ज्यांची, तेच हे मालक. उरलेले ३५ टक्के रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे राहिले. डिसेंबर २०२५ मध्ये ग्रुपनं तो हिस्सा मूळ मालकांच्या हवाली केला आणि भारतातून काढता पाय घेतला. इंडियन सुपर लीगचं भवितव्य अनिश्चित आहे, हे कारण दिलं. हिस्सा घेताना क्लबच्या पाठीराख्यांना कुणी विचारलं नव्हतं, सोडतानाही विचारलं नाही. ६५ आणि ३५ मिळून शंभर झाले. अंधेरीच्या मैदानात नव्वद मिनिटं घसा कोरडा करणाऱ्या वेस्ट ब्लॉक ब्लूजच्या पोरांसाठी त्यात एक टक्काही उरत नाही.

बाहेरच्या पैशानं खेळ सुधारला, हे मान्य करायलाच हवं. त्या सहा वर्षांत मुंबई सिटीनं लीग शील्ड दोनदा आणि करंडक दोनदा जिंकला. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला तोही हाच. माझं भांडण पैशाशी नाही. पैसेवाला उठून गेल्यावर क्लब कुणाचा, एवढंच मला विचारायचं आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापुरात राहून मुंबईच्या क्लबची उठाठेव कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना सांगतो, हिस्सा म्हणजे काय हे आम्हाला मुंबईवाल्यांपेक्षा जास्त कळतं. वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना जवळच आहे. इकडच्या घरांत लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली कारखान्याच्या शेअरचा दाखला घडी करून ठेवलेला असतो. वार्षिक सभेच्या आधी अहवालाची पुस्तिका येते, म्हातारी माणसं चष्मा लावून त्यातला ताळेबंद बघतात, आणि सभेत एखादा दोन एकरवाला उभा राहून चेअरमनला उसाच्या बिलाचं विचारतो. त्याला तो अधिकार आहे. सहकारात एका सभासदाला एकच मत, शेअर एक असो की शंभर. राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने बुडाले, विकले गेले, हे खरं आहे. पण तिथं विक्रीविरुद्ध कोर्टात जाणारा माणूस सभासद म्हणून गेला. फुटबॉलच्या पाठीराख्याला कोर्टाची पायरी चढायची तर कोणत्या नात्यानं चढणार? गिऱ्हाईक म्हणून?

पुण्यात काय झालं ते नीट बघा, कारण महाराष्ट्रातल्या फुटबॉलची सगळी दुखणी त्या एका शहरात सापडतात. अशोक पिरामल समूहानं २००७ मध्ये पुणे एफसी काढला. हा क्लब दुसऱ्या विभागात खेळला आणि २००९ मध्ये तेव्हाच्या सर्वांत वरच्या आय-लीगमध्ये बढती मिळवून आला. २०१२-१३ च्या मोसमात चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग देशात दुसरा आला. त्याची अकादमी नावाजलेली होती. खालून वर चढत आलेला, मैदानावर जागा कमावलेला हा क्लब. मग २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. त्याच शहरात एफसी पुणे सिटी नावाचा नवा संघ उभा राहिला. वाधवान कुटुंबाच्या समूहाची मालकी, हृतिक रोशन सहमालक. हा संघ खालच्या कोणत्याच विभागात खेळला नव्हता. शुल्क भरलं आणि थेट वरच्या मजल्यावर दाखल झाला. ज्यानं जागा कमावली होती त्या पुणे एफसीनं २०१५ मध्ये गाशा गुंडाळला.

ज्यानं जागा विकत घेतली त्याचंही भलं झालं नाही. एफसी पुणे सिटी पैशाच्या अडचणीत आला आणि २०१९ मध्ये बंद पडला. लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. हैदराबादनं २०२१-२२ चा करंडक जिंकला, पुढे त्याचेही पैशाचे वांधे झाले, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. अकरा वर्षांत एका जागेनं तीन शहरं बघितली. बालेवाडीत भगवी जर्सी घालून येणाऱ्या ऑरेंज आर्मीनं आता कुणासाठी ओरडायचं, याचं उत्तर कुणाकडेच नाही. पाच वर्षं जीव लावलेल्या माणसाला साधी नोटीसही न देता हात झटकता येतात, आणि हे सगळं कायदेशीर असतं. मला याचा राग येतो, आणि तो आवरावा असं वाटत नाही.

हा प्रकार नवा नाही. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं संघ बंद केला. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला, त्याच वर्षी डीएसके शिवाजियन्सही. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच मोसम टिकला. दरवेळी निर्णय मालकांच्या बैठकीत झाला आणि पाठीराख्यांना तो बातमीतून कळला.

आता बढतीचं. आशियाई महासंघाच्या सांगण्यावरून २०१९ मध्ये आराखडा ठरला होता: २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता वर जाईल, २०२४-२५ पासून सुपर लीगमधून खालीही जावं लागेल. पंजाब वर आला, मग मोहमेडन स्पोर्टिंग आला. तिसऱ्या वर्षी गोव्याचा चर्चिल ब्रदर्स की इंटर काशी हा वाद स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलै २०२५ मध्ये निकाल काशीच्या बाजूनं लागला. विजेतेपद आपलंच म्हणून मिरवलेल्या गोव्याच्या लोकांच्या तोंडचा घास गेला. एवढी ओढाताण झाली, कारण ती एक जागा लाखमोलाची आहे. आणि खाली मात्र २०२४-२५ च्या मोसमात कुणीही गेलं नाही. तळाशी राहूनही वरचा मजला सुटत नसेल, तर खालच्यांसाठी जागा व्हायची कशी? फी भरली आहे म्हणून जागा कायमची, हा न्याय मला मान्य नाही. हरणाऱ्यानं खाली जावं, जिंकणाऱ्यानं वर यावं. हिंगोली, परभणी, नांदेडच्या पोरांना वर जायची दुसरी कोणतीही वाट नाही. राज्याची लीग, तिच्यावरच्या राष्ट्रीय लीगचे टप्पे, मग सुपर लीग. ही शिडी शेवटपर्यंत उघडी राहिली तरच इथला एखादा संघ स्वप्न बघू शकतो.

वेल्समधल्या रेक्सहॅमचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. हॉलिवूडच्या दोन नटांनी क्लब घेतला आणि २०२३, २०२४, २०२५ अशा सलग तीन बढत्या मिळाल्या, इथवर सगळ्यांना पाठ असतं. त्या आधी २०११ पासून तो क्लब पाठीराख्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा होता, हे सांगायचं राहतं. नटांना क्लब द्यायचा की नाही यावर २०२० मध्ये सभासदांचं मतदान झालं. ९८.६ टक्के लोकांनी होकार दिला, मगच २०२१ मध्ये व्यवहार झाला. जर्मनीत तर थोडे अपवाद सोडले तर निम्म्याहून जास्त मतं क्लबच्या सभासदांकडेच ठेवावी लागतात.

परदेशात कशाला, कोल्हापुरात जा. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर या संघांचा सामना असला की पेठ रिकामी होते. संघाचा मालक कोण विचारलं तर लोक तालमीचं नाव सांगतात. पोरं वर्गणीवर वाढली, भांडणंही झाली, पण दिलबहार कुणी उचलून हैदराबादला नेलेली नाही आणि नेऊही शकणार नाही. तिथल्या अनिकेत जाधवनं २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताची जर्सी घातली. या तालमींना राष्ट्रीय लीगची पायरी चढायला पैसा लागेल, तो बाहेरून आला तरी चालेल. पण मत पेठेचंच राहिलं पाहिजे.

म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे माझी मागणी साधी आहे. क्लबला परवाना देताना एक अट घाला: नाव, शहर किंवा निम्म्याहून जास्त हिस्सा बदलायचा असेल तर नोंदणीकृत पाठीराख्यांचं मतदान घ्यावंच लागेल. आणि खाली जाण्याचा नियम कागदावरून मैदानावर आणा.

औंढा, वसमत, कळमनुरीच्या पोरांनाही एक सांगणं आहे. गावात संघ काढाल तेव्हा एखाद्या पुढाऱ्यानं दिलेल्या जर्सीवर त्याचं नाव छापून मोकळे होऊ नका. संस्था रीतसर नोंदवा, शंभर रुपये वर्गणी ठेवा, सभासदांचं रजिस्टर करा, वर्षातून एकदा सभा घ्या आणि हिशेब वाचून दाखवा. त्या रजिस्टरमध्ये माझं नाव घाला, वर्गणी मी पाठवतो.